मायक्रोफोन चालू होता

छावणीने छापलेली पुस्तिका आहे माझ्याकडे, अठ्ठावीस पानांची.
तीत अँटेनाची उंची आहे, ट्रान्समीटरची ताकद,
सात स्टेशनप्रमुखांचे इस्त्री केलेले फोटो.
सुरुवात : धावपट्टीच्या टोकाला पत्र्याची खोली,
भिंतींना आतून अंड्यांचे पुठ्ठे,
आणि पहिलं वाक्य, म्हणे,
"ऐकू येतंय का कुणाला?"

आम्हाला येत होतं.
पण आम्ही पुस्तिकेत नाही.

लहरींना काटेरी तार कळत नाही.
काळ्या दगडांच्या बांधांवरून, निळ्या हायड्रेंजियांवरून
त्या थेट गोठ्यात शिरायच्या.
एकदा तर पाद्रे लिबेरियोच्या कर्ण्यातून
ऐन प्रार्थनेत बेसबॉलचा निकाल उमटला.
लोकांनी सवयीने आमेन म्हटलं.

विमानाने तबकड्या यायच्या, पंधरा दिवस शिळ्या,
वर छापलेलं : वापरानंतर नष्ट करा.
कुणी आयोवाचं, कुणी ओहायोचं पोरगं
सकाळी सातला सुप्रभात म्हणायचं
आणि आवाजावरून कळायचं
की याच्या घड्याळात अजून
घरची मध्यरात्र आहे.

कोळ्यांना गाणी नको असत.
त्यांना हवं असे सहाचं हवामान.
एर्मिनियू मामाचं सगळं इंग्रजी तेवढंच :
वारा, लाटा, दृश्यमानता.
पुढे तो अमेरिकेत गेला, कापडगिरणीत लागला,
पहिल्याच दिवशी बेकरीत पावाकडे बोट दाखवून म्हणाला,
"दृश्यमानता चांगली. दोन."
मिळाले म्हणे दोन पाव.

माझा बाप, सेराफिम, स्टेशनात झाडू मारायचा.
एकतीस वर्षं.
लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं,
केरासकट, श्वासासकट.
घरी आईने पवित्र आत्म्यापुढचा लाल दिवा लावला
तरी तो बोलता बोलता गप्प व्हायचा.

मग आभाळात उपग्रह आले.
बराकी निम्म्या रिकाम्या झाल्या.
मग एक कागद आला.

शेवटच्या रात्री कॉर्पोरल टटलने राष्ट्रगीत वाजवलं,
घसा खाकरला,
"बस, एवढंच," म्हणाला,
आणि बटण न दाबताच उठून गेला.

आम्ही स्वयंपाकघरात होतो.
रेडिओत खरखर नव्हती. एक खोली होती.
खुर्ची सरकली. किल्ल्या वाजल्या. दार.
बराच वेळ काही नाही.
आणि मग
सर्र, सर्र, सर्र, ठक.
सर्र, सर्र, सर्र, ठक.

आईचे हात पिठात तसेच राहिले.
तीन फटके आणि कोपऱ्याला एक ठोका :
असा झाडू अख्ख्या बेटावर एकाच माणसाचा.

धक्क्यावरच्या दारूच्या दुकानात
डोमिनोची सोंगटी हातातच थांबली, असं नंतर कळलं.
होड्यांवर कुणी आवाज वाढवला.
एकदा तो खोकला.
एकदा, स्वतःशीच, आमच्या भाषेत, म्हणाला,
"आता हे कुणी सांडलं इथं?"
त्या स्टेशनवरून, चाळीस वर्षांत,
आमच्या भाषेतलं हे एवढंच.

घरी आला. आईने रस्सा गरम केला.
कुणी काही बोललं नाही.
दुसऱ्या दिवशी मासेवाल्याने त्याला कडक सलाम ठोकला,
तो गोंधळून मागे वळून पाहायला लागला,
कुणाला केला म्हणून.

पुष्कळ वर्षांनी मी उगाच विचारल्यासारखं विचारलं,
त्या रात्री लाल दिवा लागला नव्हता का?
"बल्ब मंगळवारीच गेलेला," तो म्हणाला.
"बंदच होणार तर बदलायचा कशाला."
आणि पुन्हा बटाटे सोलायला लागला.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय :
प्रसारण रात्री दहा वाजता समाप्त.
पुढं मी पेन्सिलने लिहून ठेवलंय,
दहा वाजून अकरा मिनिटं.
केर भरून झाल्यावर.